चोविसावी जात

३ मार्च, सकाळी ८
आजपासून पक्षिनिरीक्षण. दुर्बीण महाग, पहाटे उठणं तब्येतीला झेपत नाही. म्हणून फक्त पिसांवरून ओळख. दाराच्या पायरीवरच या आठवड्यातलं सातवं पीस मिळालं. पाखरांना माणूस कळतो. बायको म्हणाली, त्यांना आपला बोका कळतो. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
जाती चौदा. सगळ्या पिसांचे देठ कुरतडलेले. कीड असावी. डब्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या.

१५ मार्च
कुंपणाशी दाणापाणी ठेवलं, जमिनीवरच. उंच टांगायला शिडी कोण आणणार? बोका दिवसभर ताटाशेजारी राखणीला असतो. हल्ली दूध पीत नाही. डाएट करत असावा. तरी वजन वाढतंय.

२१ मार्च
शेजारच्या रिटायर्ड शिक्षिकाबाईंनी बोलावलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहेत. खिडकीसमोर स्वर्गीय नर्तकाचं घरटं, तीन पिल्लं. त्यांच्याकडे बघत दिवस निघतो म्हणाल्या. पिल्लं उडेपर्यंत आठ दिवस बोका बांधून ठेवा म्हणून हात जोडले. मी म्हणालो, बोका माझ्या शब्दाबाहेर नाही. वयस्कर माणसं उगाच साप साप म्हणून भुई धोपटतात.

२३ मार्च
तरी शब्दाखातर बांधला. फार ओरडला. माझी दुपारची झोप गेली. सोडला. उद्यापासून नक्की.

२४ मार्च
तांबूस पीस. पुस्तक चाळायचा कंटाळा आला, म्हणून मीच नाव दिलं: तांबडा बुलबुल. जात तेविसावी.

२५ मार्च
पायरीवर फूटभर लांब, पांढरंशुभ्र शेपटीचं पीस. साक्षात स्वर्गीय नर्तक. जात चोविसावी. कुरतडलेला देठ कापून फ्रेम करायला दिलं. बाईंना भेट देणार. अंथरुणात तेवढाच विरंगुळा.

२७ मार्च, संध्याकाळी
फ्रेम दिली. बाईंनी ती छातीवर धरून बराच वेळ पाहिली. मग विचारलं, तांबूस पीसही मिळालं असेल ना? मी खूश होऊन म्हणालो, तुम्ही कसं ओळखलंत? म्हणाल्या, ती मादी. पिल्लं परवा दिवसभर ओरडत होती, काल दुपारपर्यंत एकच. मला उठता येत नाही, नुसतं ऐकत पडले. जाताना खिडकी लावून घ्या.

खिडकी लावली. फार वाईट वाटलं.

घरी येऊन यादी काढली. नर-मादी मिळून जात एकच धरतात. म्हणजे तेवीसच.