कुकरला लावलेला पास्ता

प्रिय चिमणे,

फोनवर तू रडायला लागतेस आणि मग सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे. रविवारी तू सांगितलेला पास्ता केला. बाबांनीच मागितला. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणं गेलंय, पण जुन्या मासिकातल्या पास्त्याच्या ताटलीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि काही केल्या उचलेनात. हट्ट तुझ्यात कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम केलं. चिकनचे तुकडे लोण्यात परतले, लसूण, मिरपूड, वर क्रीमचं अख्खं पाकीट. वास असा सुटला की समोरच्या शिक्षिकाबाई दार वाजवून चौकशी करून गेल्या. एकच घोटाळा झाला. पास्ता पातेल्यात उकळायचा होता; मी सवयीनं कुकरला लावला आणि चांगल्या तीन शिट्ट्या केल्या. हस, हस! झाकण काढलं तर आत नुसती खळ. डोक्याला हात लावला, मग म्हटलं जाऊ दे, आणि चिकनही मिक्सरमधून काढून त्यातच कालवलं.

आणि बाबांनी ते खाल्लं गं. इतके दिवस पातळ सूप दिलं तरी ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. हे मात्र चमच्यामागून चमचा गपगुमान उतरलं. एकदाही खोकले नाहीत. उभा जन्म लेथवर लोखंड कातलेला माणूस, रिकामी वाटी बघून अर्ध्या तोंडानं हसला. मला इतका आनंद झाला की ओट्याशी उभी राहून कढईला लागलेलं सगळं बोटानं चाटून खाल्लं.

सोमवारी त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, घास पोटात गेला असं आपल्याला वाटतं, पण थोडा फुप्फुसात उतरतोच. ठसका लागत नाही, हे तर जास्त वाईट. शरीराला आता कळतच नाही. मी ज्याच्यावर हरखून गेले होते ते हे. यापुढे तोंडानं काही नको, पोटात नळी घालू, असं त्यांचं म्हणणं. तुझंही तेच. मी बाबांना विचारलं, पुन्हा पुन्हा, समजावून, रागावून. दर वेळी त्यांनी चांगल्या हातानं माझा हात ढकलला आणि शेवटी वैतागून भिंतीकडे तोंड केलं. डोकं त्यांचं शाबूत आहे, हे डॉक्टरही मान्य करतात.

म्हणून काल मी जाऊन डॉक्टरांना सांगून आले, नळी नको. ते मागतील ते मी भरवणार. असं किती दिवस चालेल, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि माझा धीर सुटला असता. आता ताप उतरलाय. आज सकाळी त्यांनी तोंडाकडे हात नेऊन पुन्हा खायला मागितलं. मी चमचा भरला आणि वाटीवरच धरून ठेवला, तेव्हा त्यांनीच माझा हात धरून तोंडापर्यंत नेला. मला हे एकटीला झेपत नाही गं. भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण इथे येऊन भांड, आणि एका वेळेला तरी बाबांना तुझ्या हातानं भरव.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई