शहाण्णव बाय पासष्ट

९ जून, सोमवार

उघडली! उघडली, उघडली, उघडली! सकाळपासून संगणकानं एकच पालुपद लावलं होतं — ही फाइल ओळखता येत नाही. आणि आता स्क्रीनवर एवढंसं मांजर! नखाएवढं. शेपटी वर करून बसलंय.

मावशीकडे दोन दिवसांसाठी म्हणून आले, आज अकरावा. काम तिनंच गळ्यात मारलं. वीस वर्षांपूर्वी ती एका कंपनीत मोबाइलवर पाठवायची चित्रं काढायची. तेव्हाच्या फोनची काच ती केवढी! आडवे शहाण्णव ठिपके, उभे पासष्ट. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीतर पांढरा. बास. तेवढ्यात जहाज, आगगाडी, रुसलेली मुलगी — सगळं बसवलंय पठ्ठीनं! चारशे बारा चित्रं, एका सीडीवर. फाइलींचा प्रकार डब्ल्यूबीएमपी. आज त्याला कुत्रं विचारत नाही. मला सगळ्यांच्या वेबपी फाइली करायच्यात, म्हणजे आताच्या वेबसाइटवर दिसतील.

आणि शुक्रवारपर्यंत!! कारण जुन्या फोनवरची चित्रं जमवणारी एक वेबसाइट आहे, आणि मावशीच्या तेव्हाच्या साहेबांनी हीच चारशे बारा चित्रं स्वतःच्या नावावर तिथे पाठवलीत. मावशीनं त्या लोकांना लांबलचक पत्र लिहिलं — ही माझी आहेत. ते म्हणाले, तुमच्याकडची पाठवा, ताडून बघू, मग कुणाचं नाव लावायचं ते ठरवू.

पत्र ती मला वाचून दाखवत होती. पहिला परिच्छेद झाला आणि समोरच्या घरातून चार माणसं खिडकीतून कपाट उतरवायला लागली. दोरीनं! कपाटाला आरसा! मी चपला न घालताच धावले. फुटला नाही आरसा.

१० जून, मंगळवार

सगळी उलटी! काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. या जुन्या फाइलींत एक म्हणजे पांढरा आणि शून्य म्हणजे काळा, मी बरोब्बर उलट धरलं होतं. मावशी हसून हसून खुर्चीत आडवी — "अगं भिंगरे, ही तर माझ्या मांजरांची भुतं!"

एक खूण बदलली, भुतं गेली. मग नवीनच कटकट. कडांना राखाडी चट्टे. वेबपी फाइल हलकी करायला बारीकसारीक गोष्टी गाळतो म्हणे. अरे बाबा, या चित्रांत बारीकसारीक सोडून आहे काय? शेवटी "काहीही न गाळता" असा पर्याय सापडला. टकाटक! एकेक ठिपका कसा चाकूनं कापल्यासारखा.

शाळेतले सर म्हणायचे, हिच्या हातून एक काम शेवटाला जाणार नाही. बघाच आता.

११ जून, बुधवार

झाली!!! चारशे बारा!

वर शहाणपणही केलं. प्रत्येक चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात एकटाच एक काळा ठिपका होता. जहाजात, आगगाडीत, सगळीकडे. म्हटलं सीडी जुनी, खराब झाली असणार. प्रोग्राममध्ये "धूळ साफ करा" असं होतंच — टिचकी मारली, चित्रं लख्ख.

मावशी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. येईपर्यंत कशाला थांबा? पाठवूनच टाकली! दोन दिवस आधी! आल्यावर सांगितलं तर तोंडात कापूस असताना टाळ्या वाजवल्या तिनं.

१२ जून, गुरुवार

सकाळी मावशी एकेक चित्र बघत होती. आधी गुणगुणत. मग गुणगुणणं थांबलं.

"ठिपका कुठाय?"

"तो कचरा? काढला मी."

"कचरा."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब नाव घालू द्यायचे नाहीत. म्हणून उजव्या कडेपासून तीन आत, खालून तीन वर, एक ठिपका. प्रत्येक चित्रात. ती माझी सही होती गं. पत्रात तेच तर लिहिलंय — तो ठिपका बघा, तो असला म्हणजे चित्र माझं. दुसऱ्या परिच्छेदात!"

दुसऱ्या परिच्छेदात. म्हणजे मी कपाट बघत होते तेव्हा.

मी म्हटलं, सीडीवरच्या मूळ फाइली आहेत की! ठिपक्यासकट परत करते, तासाभरात पाठवते!

"आणि ते काय म्हणतील? काल नव्हता, आज आला. म्हणजे आता बसवला. बये, मीच लबाड ठरले की नाही?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली आणि इस्त्री करायला लागली. धुतलेल्या कपड्यांत माझेही होते.

केल्या परत. धूळबीळ काही साफ केली नाही. डब्ल्यूबीएमपी फाइलीही जोडल्या आणि खाली खरं ते लिहिलं: ठिपका मी पुसला होता, मावशीला माहीत नव्हतं, मूर्खपणा सगळा माझा. तीनदा वाचलं. पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं मी!

१३ जून, शुक्रवार

पोच आली. एकच शब्द — "मिळालं." बॅग भरली. मावशी म्हणाली, "पळ, पळ, तेच येतं तुला." बॅग पुन्हा रिकामी केली.

१७ जून, मंगळवार

उत्तर आलं!!! तुमच्या दोन्ही खेपा बाजूला ठेवल्या, म्हणतात. मग साहेबांनी पाठवलेल्या फाइली मोठ्या करून पाहिल्या. चारशे बाराच्या चारशे बारा फाइलींत — उजवीकडून तीन आत, खालून तीन वर — ठिपका आहे!

मावशीनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "वीस वर्षं, आणि साहेबांना एकदाही दिसला नाही गं."