कथा माझी, विभाग केसगळतीचा

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा बसलेला घसा उठला का, की तुझे सुखाचे दिवस अजून चालू आहेत? (एवढं त्यांना वाचून दाखवू नकोस.) इकडे आम्ही ठणठणीत. बाबांची तब्येत तर माझ्यापेक्षा चांगली आहे, पण तो विषय पुढे येईलच. आता खुर्चीत नीट टेकून बस. तुझा भाऊ लेखक झाला आहे. कथा लिहिली, आणि कुणा संपादकाच्या हातापाया न पडता स्वतःच तिचं ई-बुक करून विकायला ठेवली. आपल्या घराण्यातल्या कुणाचं नाव आजवर छापून आलं असेल तर ते मतदार यादीत, तेही चुकीचं. त्यामुळे मी थोडा फुगलो असेन तर समजून घे.

कथेचं नाव 'गळती'. आई गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला आणि बाबांनी प्लंबरला दोनदा दारातूनच परत पाठवलं, आठवतं ना? तूही फोनवरून त्यांच्यावर डाफरली होतीस. मला मात्र वाटायचं की हा नुसता हट्ट नव्हे. आई बोलायला लागली की घरात दुसऱ्या आवाजाला शिरायला जागा नसायची. आता निदान नळ तरी बोलतो, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. विचारायची माझी छाती होईना, म्हणून लिहून काढलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे बसायचं आणि चष्म्याच्या रिकाम्या खोक्यांवर लिहायचं. (एका गिऱ्हाइकाला चुकून कथेच्या मध्यासकट चष्मा गेला. तो भाग पुन्हा लिहावा लागला आणि दुसऱ्यांदा जास्त चांगला झाला.)

लिहिणं सोपं गं, प्रकाशक होणं कठीण. पहिल्यांदा फाइल चढवली तर सगळी जोडाक्षरं फुटली. 'म्हातारा' असा काही लंगडत चालला की वाचणाऱ्याला त्याची वेगळ्याच कारणाने दया यावी. मुखपृष्ठावर बायकोने नळ काढून दिला. शेजारच्या काकूंनी तो पाहून विचारलं, गोष्ट हत्तीची आहे का? लेखकाचा फोटो घालायचा हट्ट मात्र माझा. टोपी घाला, असं बायको म्हणत होती. मी म्हटलं, लेखकाने वाचकापासून काही लपवू नये. शेवटी ई-बुक विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाने पुस्तकाचा विभाग विचारला. मी दमलो होतो, 'आपोआप निवडा' यावर बोट टेकवून मोकळा झालो. यंत्राने 'गळती' हे नाव वाचलं (माझा फोटोही पाहिला की काय, देव जाणे) आणि माझी कथा नेऊन ठेवली 'केसांची निगा' या विभागात.

मला हे कळलं पहिल्या अभिप्रायावरून. एक तारा, आणि खाली मजकूर: 'एकही उपाय दिलेला नाही. लेखकाचा फोटो पाहूनच सावध व्हायला हवं होतं.' बायको भाजी चिरत होती, ती सुरी बाजूला ठेवून हसत बसली. मी तणतणत विभाग बदलायला गेलो, तोवर दुसरा अभिप्राय आला. कुणी बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'तेल शोधत होते, ही गोष्ट सापडली. वाचून झाल्यावर वडिलांना फोन केला. बऱ्याच वर्षांनी.' ताई, मी ते बायकोला वाचून दाखवायला गेलो आणि मधेच फोन तिच्या हातात देऊन उरलेली भाजी चिरायला बसलो. मग विभाग तसाच राहू दिला. कथा शोधणाऱ्याला कथा मिळाली तर त्यात काय नवल? तेल शोधणाऱ्याला मिळाली, ही खरी कमाई. सध्या त्या विभागात मी कांद्याच्या रसावरच्या पुस्तकाच्याही वर आहे.

बाबांपासून हे सगळं लपवलं होतं, पण शेजारच्या काकूंच्या पोटात काही राहत नाही. बाबांनी फोनवरची अक्षरं इतकी मोठी केली की एका वेळी चारच शब्द दिसावेत, आणि खिडकीशी बसून सबंध सकाळ वाचत राहिले. मी दुकानात जायचं सोडून दाराशी उगाच चपला घालत होतो, काढत होतो. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा म्हातारा मीच ना?"

मी हो म्हणालो.

"मग मला का नाही विचारलंस?"

मी चपला पुन्हा काढल्या. ते माझा लॅपटॉप उचलून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून नुसता खडखडाट. जन्मभर कोर्टात लोकांच्या जबान्या टाइप केलेली बोटं ती. मला वाटलं, तुला माझी तक्रार लिहितायत.

असो. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. (तिने टोपणनावाने पाच तारे दिले आहेत. शुद्धलेखनावरून ओळखलं.) गुडघ्याला जप.

तुझा,
लेखक भाऊ

ता. क. पत्राचं खरं कारण आता सांगतो. बाबांनीही ई-बुक काढलं आहे. नाव 'समोरच्या पक्षाचं म्हणणं'. सुरुवातच अशी: 'सदर इसम डोक्यावर केस नसलेला, धंदा चष्मेविक्री, स्वतःस लेखक म्हणवतो.' विभागही पहिल्याच फटक्यात बरोबर निवडला, आणि वाचक माझ्या दुप्पट. आता दुसरी कथा घेतली आहे, ती तुझ्या लग्नाची. भाऊजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा आई आत येऊन त्यांच्याबद्दल काय म्हणाली, तिथपर्यंत मजकूर आला आहे. तेव्हा महिनाभर बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. तुझंही लक्ष राहील आणि मलाही जरा पुढे सरकता येईल.

आणखी एक. वरचं रद्द समज, बाबांना नेऊ नकोस. हे पत्र टाकायचं राहिलं होतं आणि आज दुकानात त्यांच्या कथेचं शेवटचं पान वाचलं. (तोवर रागाने वाचलं नव्हतं.) तिथे लिहिलं आहे: 'नळाबाबत सदर मुलाने लिहिले ते खरे आहे. मी त्याला तसे कधी सांगितले नव्हते. मुलगा चांगला लिहितो, हे मी कोणाच्याही दबावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीवर राहून सांगत आहे.' समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याने मला हाताला धरून तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, आधी तुमचे डोळे दाखवून घ्या.