केनवडच्या सात पॉलिसी

बाबा,

माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. लोकांच्या पैशाची आखणी कशी करून द्यायची, याचा आता वेगळा अभ्यासक्रम आहे. तो शिकून बँकेत सल्लागार होता येतं, विम्यात जाता येतं, लोकांच्या म्हातारपणाची तजवीज करून देण्याचं स्वतःचं ऑफिस थाटता येतं. परवा ती सुटीत आली होती. कॉलेजसाठी तिला या धंद्यातल्या एका जुन्या माणसाची मुलाखत लिहून न्यायची होती, तर तिला घरातच मी सापडलो. "आबा, तुमचा पहिला ग्राहक कोण होता?" तिनं पेन उघडून विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही गं. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. बाबा, मला सगळं आठवतं. ती गेल्यावर तुम्हाला लिहायला बसलो.

आम्ही शिकलो तेव्हा या विषयाला एवढं मोठं नाव नव्हतं. वाशीमच्या कॉलेजात बी.कॉम.च्या वर्गात एक सर होते, ते हिशेबाच्या पुस्तकाबाहेरचं शिकवायचे. घरातला कमावता माणूस उद्या नसला तर घर कशावर चालेल, आजारपण आलं तर पैसा कुठून येईल, हात थकल्यावर काय, हे तीन प्रश्न प्रत्येक घराला विचारायचे आणि मग त्याच्या कमाईतून उत्तरं काढायची, असं ते सांगत. बँका सरकारी होऊन काही वर्षं झाली होती आणि गावोगाव शाखा निघत होत्या. सर फळ्यावर लिहायचे, बँकेत कारकून, सोसायटीत सचिव, विम्याचा एजंट, पुढे जमलं तर अधिकारी. त्या फळ्याकडे पाहताना मला वाटायचं, आपल्या वस्तीतून कोणी न गेलेली वाट समोर लिहून ठेवली आहे.

शनिवारी मी केनवडला घरी यायचो. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली होती, त्यामुळे चूल तुमच्याकडे. तुम्ही भाकरी थापताय, मी चुलीशी बसून मोठ्यानं पुस्तक वाचतोय. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, हा तुमचा नेम. त्या तीन प्रश्नांचं मी सांगितलं तेव्हा तुम्ही पिठाचे हात तसेच ठेवून ऐकलंत. "म्हंजे शिवनीत माया सोडतो तसं," तुम्ही म्हणालात. "पोरगं वाढन, कपडा आखूड होईन, म्हनून आतून दोन बोटं जास्तीचं ठेवाचं. कोनाले दिसत नाई, पन वेळेले उसवता येते." सरांनी तासभर समजावलेलं तुम्ही भाकरी तव्यावर टाकेपर्यंत सांगून मोकळे झालात. सोमवारी मी ते वर्गात सांगितलं, मात्र तुमचं म्हणून सांगितलं नाही. सर खूश झाले.

धर्म बदलल्यावर आजोबांनी गावकीची कामं टाकली आणि तुम्ही वाशीमच्या एका दुकानात बसून शिवण शिकलात. किराणा दुकानाच्या ओट्यावर तुमची मशीन. बाजाराच्या दिवशी रिठदपासूनची माणसं कापड घेऊन येत. तुम्ही मापं लिहून ठेवत नव्हतात. माणूस दोन वर्षांनी परत आला तरी त्याची छाती, कंबर, बाही तुम्हाला तोंडपाठ. कापडाचा उरलेला तुकडा न मागता परत देणारा शिंपी म्हणून तुमचं नाव होतं. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी तुम्ही मला टेरिकॉटचा शर्ट शिवलात. तोवर तुम्ही स्वतः टेरिकॉट फक्त लोकांसाठी कापलं होतं.

शेवटच्या वर्षाला मी विम्याची एजन्सी घेतली. खोलीचं भाडं त्यातून निघेल असा विचार होता. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटला चांगलं कमिशन मिळायचं, पुढे फारसं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, बाबा, आपल्या लोकांना याची गरज आहे. ते खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या, आणि त्यातली मला सोयीची तेवढी मी तुम्हाला सांगितली.

बाजाराच्या दिवशी मी तुमच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसलो. पहिल्या तासात कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग तुम्ही मशीन थांबवून शेजारच्या गवंडीकाकांना हाक मारलीत. दुष्काळी कामावर बरोबर खडी फोडलेला तुमचा सोबती. घरी बायको आणि दोन लहान पोरी.

"माह्या पोरानं शिकून आनलं हाय काही. ऐक जरा."

काकांनी ऐकलं. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारलं, "हप्ता कोठी भराचा? वाशीमले जाईन तर एक रोज बुडते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्याही मनात तेच होतं. "आन हप्ता चुकला तं?"

"मी आहो ना बाबा," मी म्हणालो. "दर तीन महिन्यानं येतो, घरून हप्ता नेतो, ऑफिसात भरतो, पावती आनून देतो."

"तो आहे म्हन्ते," तुम्ही काकांना म्हणालात. त्यावर काकांनी सही केली. अक्षर जुळवत, जीभ दाताखाली धरून. तो माझा पहिला ग्राहक, बाबा. त्या महिन्यात केनवडमध्ये मी सात पॉलिसी केल्या, सगळ्या तुमच्या ओट्यावर. कमिशन आलं त्यातून भाडं दिलं आणि एक मनगटी घड्याळ घेतलं. तुम्ही ते घड्याळ पाहिलंत, चांगलं आहे म्हणालात.

वर्षभर मी शब्द पाळला. मग निकाल लागला, बँकेची परीक्षा पास झालो आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत कारकून म्हणून नेमणूक आली. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. बँकेच्या नोकराला एजन्सी ठेवता येत नाही, म्हणून मी ती सोडली. सात घरांत जाऊन सांगायला हवं होतं की आता मी येणार नाही, हप्ता अमक्या एजंटकडे द्या. वाशीमच्या ऑफिसात शब्द टाकला असता तर दुसरा माणूस मिळाला असता. एका दुपारचं काम. मी त्या दुपारी नवे बूट घ्यायला गेलो.

तुमची पोस्टकार्डं यायची. दुसरीपर्यंतच शिकलेल्या माणसाचं ते मोठं मोठं अक्षर. लोक हप्त्याचं विचारून राह्यले, तू कधी येतं? मग दुसरं. गवंड्यानं पैसे काढून ठेवले हाय, माह्यापाशी देतो म्हन्ते. घेऊन वाशीमले भरू काय? मी ते कार्ड काउंटरवरच वाचलं आणि लेजरखाली सरकवलं. संध्याकाळी उत्तर लिहिलं. तुम्ही यात पडू नका, कागदपत्रांचं काम आहे, चूक झाली तर निस्तरता येणार नाही, मी दिवाळीला येतो आणि सगळ्यांचं एकदम पाहतो. दिवाळीला शाखेतले चौघे मित्र नागपूरला जाणार होते. मी त्यांच्याबरोबर गेलो.

पौषात काका रिसोडला एका बांधकामावर परांचीवरून पडले आणि गेले, हे मला तुमच्या कार्डावरूनच कळलं. त्यात विम्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मीही विचारलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही बँकेत आलात. मला तो दिवस अजून समोर दिसतो. रोखीचा व्यवहार बंद व्हायला थोडा वेळ आहे, रांगेत दहाबारा माणसं आहेत आणि मधेच तुमची पांढरी टोपी. पहाटेच्या एसटीनं निघालात, दोन गाड्या बदलल्यात. मी पाहिलंय हे तुम्हाला कळलं, तरी तुम्ही रांग सोडून पुढे आला नाहीत. तुमचा नंबर आला. तुम्ही घडी घातलेल्या फडक्यातून कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवलात.

"साहेब, एवढा कागद समजून घ्याचा हाय."

तुमच्या मागे लोक होते. मी तुमच्याशी शुद्ध मराठीत बोललो. "ही पॉलिसी बंद पडली आहे. हप्ता मुदतीत भरला नाही, त्यामुळे काही मिळणार नाही."

"वाशीमच्या ऑफिसात सांगतलं त्याहीनं. मले माहीत हाय."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

"तुह्या तोंडून ऐकाले आलो."

मी आवाज खाली आणून म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा असतो, पॉलिसीवर सगळं छापलेलं आहे, हप्ता भरणं ही ज्याची त्याची जबाबदारी असते. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सरांनी शिकवलेलंच होतं. तुम्ही कागदाची घडी घालत घालत सगळं ऐकून घेतलंत.

"कागद कोनी वाचला होता, बापा?" तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "तू म्हन्ला, मी आहो ना. मी म्हन्लो, तो आहे म्हन्ते. आपन तेच इकलं. कागद नाई इकला."

मागचा माणूस पुढे सरकला. तुम्ही बाजूला झालात. मी जेवायला थांबा म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, तीनची गाडी हाय. मला उठून फाटकापर्यंत तरी येता आलं असतं. शिपायानं लेजर आणून ठेवलं आणि मी त्यात मान घातली.

त्यानंतर आपण या विषयावर कधी बोललो नाही. मी सणावारी यायचो, तुम्ही भाकरी करायचात, बदली कुठे झाली ते विचारायचात. ओट्यावर मशीनवर काकू बसलेली दिसायची, तुम्ही शेजारी गोणपाटावर बसून हातानं काज करत असायचात. मला वाटलं, सोबत्याची बायको, कामाला लावली असेल. बरं वाटलं मला. माझ्या हातून जे झालं त्याची कोणीतरी काहीतरी भरपाई करतंय, असं वाटून मी हलका व्हायचो. ओट्यावर गर्दी कमी झाली होती, तेही दिसायचं. तयार कपड्यांमुळे असेल असं मी धरून चाललो.

तुम्ही गेलात तेव्हा मी अधिकारी झालो होतो. दिवसकार्य आटोपलं, माणसं पांगली. काकू आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

"साहेब, एक बोलू काय?" ती म्हणाली. "तुमच्या बाबानं मले सांगतलं होतं तवा. दारात येऊन बसले, खाली मान घालून. म्हने, तुह्या मालकानं हप्त्याचे पैसे माह्यापाशी देल्ले होते, मीच भराचं विसरलो. वस्तीतल्या चार मानसाईसमोर म्हन्ले."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"लोक बोलले त्याहीले. पैसे घेऊन विसरते म्हनून कापड देनं बंद केलं कितीकाईनं. मले मशीन शिकवली, अर्धी कमाई मले देली, दोन्ही पोरी उजवल्या मी त्याच्यावर. बाकीच्या सहा घरचे हप्ते मरेपर्यंत सोता वाशीमले जाऊन भरले, एसटीनं. मी कधी मनात ठेवलं नाई, साहेब. विसर तं कोनालेबी पडते."

काकांनी व्यवहाराचं घरी काही सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे तुमचं बोलणं खोटं आहे, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आता जळून गेला होता. दुसरा मी. ती माझ्याकडे पाहत होती. तिला काही नको होतं. तुमच्याबद्दल एक चांगला शब्द मुलाच्या तोंडून ऐकावा, एवढ्यासाठी ती बसली होती. एक वाक्य बोललो असतो तर केनवडमध्ये तुमचं नाव पुन्हा स्वच्छ झालं असतं.

बाबा, मी म्हणालो, "हो काकू. त्यांना विसर पडायचा."

"नाई वो, मानूस साफ होता," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत उठली. मी जे बोललो त्यावरून मलाच तिनं समजावलं.

पुढे मी पंचवीस वर्षं बँकेत काढली. मेळाव्यांत बचतीवर भाषणं केली, कमावत्या माणसाचा विमा का हवा ते शेकडो लोकांना पटवून दिलं. ते सगळं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. काकू अजून आहे. थोरल्या मुलीकडे केनवडलाच असते, डोळ्यांनी कमी दिसतं, कान चांगले आहेत. मी वाशीमला राहतो. सकाळी निघालो तर जेवायच्या आत परत येता येईल. गेल्या आठवड्यात स्टँडवर जाऊन गाडीची वेळही विचारून आलो.

मग घरी येऊन हे लिहायला घेतलं. जे तिला सांगायचं ते तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला आधीच ठाऊक आहे आणि तुम्ही उलटून काही विचारणार नाही. गाडी रोज असते, बाबा. मी जाईन असं मला वाटत नाही.