मूळ फोटो धाकटीच्या संगणकात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय फोटो काढणे, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाला तो पुरेसा वाटत नाही, पण त्याला विचारतो कोण!

१. राहते घर आणि खालचा स्टुडिओ मुलगा व मुलगी यांना समसमान. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती दोघांनी मिळून दुरुस्त करावी, म्हणजे बोलणे तरी होईल.

२. दिवे, कॅमेऱ्याची तिपाई आणि मागचा निळा पडदा मुलीला. पडद्यावरचा इस्त्रीचा डाग मुलाने पाडलेला आहे, याची इथे नोंद असावी.

३. संगणकातले सारे फोटो दोघांचे. त्यांची प्रत इंटरनेटवरच्या, दूरच्या साठवणीत पुढेही ठेवत जावी. पण जपून. मी प्रत्येक फोटो एकाच जागी ठेवते आणि बाकीच्या फोल्डरांत त्याची फक्त लिंक. लिंक म्हणजे फोटो नव्हे, फोटो कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी. गेल्या महिन्यात मुलाने सगळे तिकडे चढवले आणि म्हणाला, "झालं बघ आई, आता हा डबा पुसून टाकू." मी त्याला तिकडचे 'घरचे' फोल्डर उघडायला लावले. आत नुसत्या चिठ्ठ्या! एकही फोटो उघडेना. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तरी प्रत करताना लिंकच्या जागी मूळ फोटो जाईल, असा पर्याय निवडावा. त्याआधी 'सगळे' फोल्डरातली 'सगळे' नावाचीच लिंक काढून टाकावी. ती स्वतःच्याच फोल्डरकडे बोट दाखवते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला संगणक दीड दिवस तिथेच गोल गोल फिरत बसला. ती लिंक मीच केली आहे. कशासाठी, ते आठवत नाही. प्रत झाली की प्रत्येक फोल्डरातला एक तरी फोटो तिकडून उघडून पाहावा, मगच जुने पुसावे.

४. ती लिंक वगळून केलेल्या तिसऱ्या खेपेला सगळे गेले, एक सोडून. माझी आई पोट धरून हसते आहे, तो फोटो. तिचा हसतानाचा दुसरा फोटो नाही. मूळ माझ्याकडे नाहीच, हे तेव्हा कळले. पूर्वी धाकटी बहीण वरच्या मजल्यावर राहायची, दोघींचे संगणक तारेने जोडलेले होते आणि माझी चिठ्ठी तिच्या संगणकाकडे बोट दाखवत होती. पुढे हा फोटो नक्की कोणाचा, यावरून आमचे वाजले. कॅमेरा माझा, बटण तिने दाबले, पण आईला हसवले मी. धाकटी तार उपटून दुसरीकडे राहायला गेली. अकरा वर्षे मी रागाने तो फोटो उघडलाच नाही. तिने तो संगणक भंगारात दिला असेल तर, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेले नाही. काल फोन केला.

"तुझा जुना संगणक आहे का गं अजून?"

"अकरा वर्षांनी फोन केलास, तो हे विचारायला?"

"हो."

"आहे. ये. आणि फोटो मी काढलाय."

गेले. फोटो होता. आता तो दोघींच्या घरी आहे आणि इंटरनेटवरच्या साठवणीतही आहे. चिठ्ठी नव्हे, मूळ फोटो.

५. तो फोटो धाकटीने काढला, हे मी मान्य करते. आईला मी हसवले, हे तिने मान्य करावे, एवढीच इच्छा.

६. माझा पहिला कॅमेरा धाकटीला ठेवायचा होता. पण आज ती साक्षीला आली, आणि वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. धाकटी म्हणाली, "मग तू मरेपर्यंत कशाला थांबू? आत्ताच दे की!" दिला. हे कलम रद्द समजावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: स्टुडिओवाल्या ताई

साक्षीदार १: शेजारचे फ्रेमवाले

साक्षीदार २: धाकटी बहीण. (सहीखाली तिच्याच अक्षरात: आईला ताईनेच हसवले.)

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा