पाणथळीची साफसफाई

४ जुलै, सकाळी सहा
देवापुढे हात जोडून संकल्प सोडला. आमचं शेत आणि खाली धाकट्या भावाचं मासळीचं तळं, यांच्यामधली पाणथळ आठ दिवसांत साफ करायची. छातीएवढी पाणकणसं, चिखल, बेडूक. शेतातलं पाणी त्यात रेंगाळत बसतं. सरळ चर काढला की थेट तळ्यात. धाकट्याला सांगणार नाही. सरप्राइज.

७ जुलै
निम्मी झाली. बायको म्हणते, ते गवत गाळ धरून ठेवतं, उगाच हात लावू नका. म्हणे मोबाइलवर पाहिलं. मी गावच्या शाळेत विज्ञानात पहिला होतो. (वर्गात चौघे होतो. पण पहिला तो पहिलाच.)

११ जुलै
चर झाला. कंबर धरली. पूर्वेचा कोपरा तेवढा राहिला. एवढ्या देखण्या कामाला तो डाग. उद्या नक्की.

१२ जुलै
कंबर. उद्या.

१९ जुलै
परवा युरिया टाकला, कालपासून पाऊस. पाणी चरातून काय धावलं! बांधावर उभा राहून डोळे भरून पाहिलं. तळं चहाच्या रंगाचं झालंय. बसेल गाळ खाली.

२८ जुलै
वर हिरवी साय आली आहे. हिरवा रंग समृद्धीचा. धाकट्याचा फोन. दादा, वर काय केलंस, म्हणाला. मी म्हटलं, तूच माशांना जास्त खायला घालतोस. त्याने फोन ठेवला. नोकरी सोडून तळं केलंय, पहिली मासळी महिन्यावर आली आहे, म्हणून चिडतो.

२ ऑगस्ट, सकाळी
मासे वर येऊन तोंडं उघडतायत. प्रार्थनेत मन लागेना. मासळीखात्याचा माणूस म्हणाला, खत उतरलं, शेवाळ माजलं, पाण्यातली हवा संपली. मध्ये अडवायला काहीच नव्हतं का, असंही विचारलं. मी ढगांकडे पाहिलं.

५ ऑगस्ट
निम्मे मासे गेले. उरलेले सगळे तळ्यात त्या पूर्वेच्या कोपऱ्यालगत गोळा झालेत. तिथल्या पाणकणसांतून झिरपणारं पाणी नितळ आहे. धाकटा तिथलेच गड्डे काढून चरात लावतोय. मी म्हटलं, बघ, तेवढा कोपरा मी मुद्दाम राखला होता. बायको म्हणाली, तुम्ही नाही, तुमच्या कमरेने राखला. धाकटा हसला नाही. फावडं मागितलं तर म्हणाला, दादा, तू बांधावर बस.

बसलो आहे. कंबर बरी कर म्हणून महिनाभर रोज देवाला विनवलं. त्याने ऐकलं नाही. आज त्याबद्दल नमस्कार केला.