कोरडा सांधा

३ मार्च
वरच्या मजल्यावरच्या संडासाची लाइन संपवली. खाली मालकांची झोपायची खोली, म्हणून आठही सांधे डोळ्यांत तेल घालून केले. आधी सगळं कोरडं जुळवून बघायचं, पाइप आणि वळणाच्या एल्बोवर मिळून एक रेघ मारायची, मग एकेक सुटा करून चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि रेघ जुळवून दाबून धरायचं. चार सांधे बाबांचे, चार माझे. बाबा अजून खिळ्याने ओरखडा काढतात. मी काळा मार्कर वापरतो.
"मार्कर पुसला जातो रे," बाबा म्हणाले.
पुसला जातो म्हणे! स्वतःचा हात थरथरतो ते बघा. सोल्युशनचा डबा दोनदा लवंडला. डोकं फिरलं माझं.

५ मार्च
सांधा सुटला! वर पहिल्यांदाच फ्लश केला आणि सगळा मैला खाली मालकांच्या गादीवर! कंत्राटदाराने सगळ्यांदेखत माझी गचांडी धरली, डोकं भिंतीवर आपटलं. तोवर बाबा शिडीवर चढलेही होते. एल्बो ठोकून बसवला, वर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली. उतरून म्हणाले, "माझाच राहिला. सोल्युशन लावायचं विसरलो."

घरी आल्यावर दार लावलं. पाइपचा तुकडा हाताला लागला. किती हाणले आठवत नाही. त्यांनी उजवा हात आडवा धरला तेव्हा काडकन आवाज आला. तरी थांबलो नाही. बायको मध्ये पडली, तिलाही एक लागला, तेव्हा थांबलो.
बाबा एवढंच म्हणाले, "हळू. शेजारी ऐकतील."

६ मार्च
बाबांचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं — शिडीवरून पडलो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. चूक त्यांची होती!

७ मार्च
ताई आली. चपलाही न काढता सरळ माझ्या थोबाडीत.
"बापावर हात उचललास? हात झडले कसे नाहीत तुझे!"
मी तिला ढकललं. कपाटावर आदळली, भुवई फुटली. बायको बाबांना भरवत होती, तिचा घास हातातच राहिला. चारचौघांत मार मी खाल्ला, त्याचं कुणालाच काही नाही!

९ मार्च
उद्या तो एल्बो बदलायचाय. बाबा म्हणतात, "पट्टी राहू दे तशीच. टिकेल." टिकेल! अशीच कामं केलीत का जन्मभर? त्यांची अवजारांची पिशवी माळ्यावर फेकली. "आता पान्याला हात लावायचा नाही. कधीच." त्यांनी मान हलवली.

१० मार्च
पट्टी कापली. एल्बो अलगद हातात आला. आतून कोरडा ठणठणीत, सोल्युशनचा डागही नाही. बाहेर ओरखडा नाही. काळी रेघ आहे.
बाबांनी ती घासघासून पुसायला बघितलेलं दिसतं. पुसली गेलेली नाही.